राजभाषा मराठी आणि महाराष्ट्राच्या बोली : प्रस्तावना

महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे, ही गोष्ट आज इतकी गृहीत धरली जाते की ती कधीतरी ठरवावी लागली असेल असे सहसा मनात येत नाही. ती ठरवावी लागली, आणि तीही एका फटक्यात ठरली नाही. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. कारभाराची परिभाषा घडवण्यासाठी भाषा संचालनालय त्याच वर्षी निघाले. राजभाषा अधिनियम मात्र १९६४ चा, आणि कोणत्या कामांत मराठी वगळता येईल हे सांगणारे ‘वर्जित प्रयोजनां’चे नियम १९६६ चे. महापालिका, नगरपालिका यांच्यासारख्या स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला तर २०२२ साल उजाडले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्याबरोबर मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या साऱ्या वाटचालीत मराठीला काय मिळाले पाहिजे याची चर्चा पुष्कळ झाली. मराठी म्हणताना कोणाची मराठी धरायची, आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाऊनही जे मराठीत धरले जात नाही त्याचे काय करायचे, ही चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. प्रस्तुत ग्रंथ या दुसऱ्या चर्चेसाठी आहे.

सुरुवात देशाच्या चौकटीपासून करावी लागते. भारताच्या राज्यघटनेत राष्ट्रभाषेची तरतूद नाही. हिंदीला राष्ट्रभाषा म्हणण्याची सवय इतकी मुरलेली आहे की हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. अनुच्छेद ३४३ प्रमाणे देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. इंग्रजी पंधरा वर्षांनी, म्हणजे १९६५ मध्ये, बाजूला व्हायची होती. पण दक्षिणेतून झालेल्या तीव्र विरोधामुळे १९६३ चा राजभाषा अधिनियम आणि १९६७ ची त्यातील दुरुस्ती यांनी तिचे स्थान कायम ठेवले. राज्याने आपल्या कारभाराची भाषा स्वतः ठरवावी, हे अनुच्छेद ३४५ ने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. आठवी अनुसूची ही तिसरी गोष्ट. १९५० मध्ये तीत चौदा भाषा होत्या. १९६७ मध्ये सिंधी आली, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी आल्या, २००३ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली आल्या, आणि संख्या बावीस झाली. या अनुसूचीत नाव असण्याचे घटनात्मक परिणाम थोडे आहेत. प्रतिष्ठेचे आणि व्यवहाराचे फार आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे माध्यम, अनुवादाची व्यवस्था, सरकारी अनुदाने हे सगळे बऱ्याच अंशी त्या यादीकडे बघून चालते. म्हणूनच देशातील अनेक भाषकसमूह तिच्या दाराशी अजून उभे आहेत.

यादीच्या बाहेर किती भाषा आहेत, या प्रश्नाचे उत्तर मोजणाऱ्यावर अवलंबून असते. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या. १९६१ च्या जनगणनेने १६५२ मातृभाषांची यादी केली. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली कच्ची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतली १३६९ उरली, आणि त्यांची गटवारी करून दहा हजारांहून अधिक भाषकांच्या १२१ भाषा दाखवण्यात आल्या. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने हाच आकडा ७८० वर नेला. यांतला कोणताही आकडा खोटा नाही. प्रत्येकाने भाषा आणि बोली यांच्यामधली रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ती रेघ भाषेच्या अंगात नसते. उच्चार, प्रत्यय, शब्दसंपत्ती यांच्या फरकाचे मोजमाप करता येते. पण अमुक इतका फरक झाला की बोलीची भाषा होते, असा नियम कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाला देता आलेला नाही. रेघ ओढतात त्या जनगणनेच्या कचेऱ्या, विद्यापीठे, विधिमंडळे, आणि कधी कधी खुद्द बोलणारे लोक. महाराष्ट्रात याची उदाहरणे हाताशी आहेत. ठाणे-पालघरकडची वारली ग्रिअर्सनने मराठीच्या खंडात घेतली; अ. मा. घाटगे यांनीही मराठी बोलींच्या मालिकेतच तिचे वर्णन केले; २००१ च्या जनगणनेत ती भिलीच्या शीर्षकाखाली मोजली गेली. खानदेशातली अहिराणी ग्रिअर्सनने मराठीपासून काढून भिल्ल भाषांच्या शेजारी बसवली. आजही जनगणना ‘खानदेशी’ नावाची वेगळी भाषा मोजते, आणि २०११ मध्ये तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. धुळे-जळगावातली कितीतरी घरे मात्र अहिराणी बोलतात आणि मातृभाषा मराठी सांगतात, त्यांची गणती ८ कोटी ३० लाख मराठी भाषकांत होते. बंजारा समाजाची गोरमाटी जनगणनेच्या गटवारीत हिंदीखाली जाते. मराठवाड्यातल्या तांड्यावर ती ऐकणाऱ्या कोणालाही याचे नवल वाटेल. कोकणीचे उदाहरण सर्वांत मोठे. ग्रिअर्सनच्या मते ती मराठीची खरी म्हणावी अशी एकमेव बोली होती. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये तिच्या घडणीचा स्वतंत्र इतिहास लिहिला, साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली. त्याच कायद्यात मराठीचाही शासकीय वापर करता येईल अशी तरतूद आहे. वादाचे मूळ तिथेच आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

महाराष्ट्र म्हणजे मराठी आणि तिच्या बोली, असे समीकरण मांडले की पुष्कळ काही निसटते. या राज्यात चार वेगवेगळ्या मुळांच्या भाषा नांदतात. मराठी, अहिराणी, भिली, पावरी, मावची, गोरमाटी या आर्यभारतीय कुळातल्या. गडचिरोली-चंद्रपूरकडची गोंडी आणि माडिया, यवतमाळकडची कोलामी या द्राविडी. पुण्याच्या वस्त्यांतही ऐकू येणारी कैकाडी आणि वडारी याही द्राविडीच, पहिली तमिळच्या आणि दुसरी तेलुगूच्या जवळची. मेळघाटातली कोरकू ही मुंडा शाखेची, म्हणजे संथाली आणि मुंडारीची नातलग. २०११ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून तिचे सव्वासात लाखांच्या आसपास भाषक होते. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या परिसरात निहाली आहे, जिचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. तिचे बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. भाषेच्या इतिहासाचा इतका दुर्मीळ पुरावा आपल्याच राज्यात एका तालुक्याच्या आसपास जिवंत आहे, आणि मराठी वाचकांपैकी बहुतेकांनी तिचे नावही ऐकलेले नाही. ही लाज वाटण्याजोगी स्थिती आहे.

मराठीच्या स्वतःच्या बोलींकडे वळताना एक साधा प्रश्न घ्यावा. समोरच्या ओळखीच्या माणसाला तो आत्ता काय करतो आहे हे विचारायचे आहे. पुण्यात विचारतील, ‘काय करतोयस?’ अमरावती-नागपूरकडे ‘काय करून रायला?’ धुळ्याकडे अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ कोल्हापुरात ‘काय करायलाईस?’ मराठवाड्याच्या दक्षिण भागात ‘काय करायलास?’ मालवणात ‘काय करतस?’ एकाच क्रियापदाच्या एकाच अर्थासाठी मराठीने निरनिराळी यंत्रणा वापरली आहे. विदर्भ आणि खानदेश ‘राहणे’ हे साहाय्यक क्रियापद घेतात, दक्षिण महाराष्ट्र आणि मराठवाडा ‘करायला’ या रूपावरून पुढे जातात, पुणे ‘करतो’ला ‘आहे’ चिकटवते, मालवणी साध्या वर्तमानावरच भागवते. मालवणी माणूस स्वतःबद्दल सांगताना ‘मी करतंय’ म्हणतो. पुण्यात हेच ‘करतंय’ एखाद्या लेकराबद्दल, नपुंसकलिंगी नामाबरोबर येते. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज बोलतात आणि त्यात व्याकरणाची चूक काहीच नाही. त्या बोलीत पहिल्या पुरुषी लिंगभेद होत नाही, इतकेच. ळ या वर्णाचेही असेच. वऱ्हाडीत काळ्याचा काया होतो, उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी बोलींत काला होतो, देशावर तो जागच्या जागी राहतो. अशा एकेका रूपाची हद्द नकाशावर आखत गेले की त्या हद्दी जिल्ह्यांच्या किंवा विभागांच्या सीमांवरून जात नाहीत, एकमेकींवरूनही जात नाहीत. वऱ्हाडी, मराठवाडी, माणदेशी ही नावे सोयीची आहेत. त्यांच्यामागे बंदिस्त कप्पे नाहीत.

मग प्रमाण मराठी कुठून आली? पुण्याच्या आसपास जी बोलली जायची तीच प्रमाण ठरली, ही समजूत चुकीची आहे. मावळातला शेतकरी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणत होता आणि आजही म्हणतो. पेशवाईत कोकणातून घाटावर आलेल्या चित्पावनांची घरची बोली चित्पावनी होती, तीही प्रमाण झाली नाही. उलट पुण्यात ती घरातूनही हळूहळू गेली. प्रमाण मराठी घडली ती दप्तरात, पाठशाळेत, छापखान्यात आणि भाषांतराच्या टेबलावर.

तिची आधीची परंपरा मोठी आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी आणि त्यांच्या महानुभाव पंथाने मराठीतून बोलण्याचा आणि लिहिण्याचा आग्रह धरला. ‘लीळाचरित्रा’चे संकलन म्हाइंभटांनी केले ते वऱ्हाडात, रिद्धपूरच्या परिसरात. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. सुलतानशाह्यांच्या काळात दप्तरी मराठी फारसी शब्दांनी भरून गेली. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला तो याच परिस्थितीवर उपाय म्हणून. कारभाराच्या शब्दांसाठी राज्याने स्वतःहून कोश करवण्याचे मराठीतले हे पहिले मोठे उदाहरण. १९६० नंतर भाषा संचालनालयाने केलेले पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश या वाटेवरचे पुढचे मुक्काम आहेत. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या दप्तराने मोडी पत्रव्यवहाराचा एक ठसठशीत घाट तयार केला. नागपूर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर इथल्या कारकुनांना एकमेकांचे लिहिलेले कळे, घरी ते काहीही बोलत असोत.

१८१८ नंतर सूत्रे बदलली. शाळांसाठी पुस्तके हवी होती, पुस्तकांसाठी एकसारखे लेखन हवे होते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. मेजर थॉमस कँडी यांनी पुण्यात राहून सरकारी भाषांतरांवर आणि क्रमिक पुस्तकांवर कित्येक वर्षे हात फिरवला; मराठीत विरामचिन्हे रुळली ती त्यांच्यामुळे. त्यांच्या भोवती काम करणारे शास्त्री-पंडित बहुतांशी एकाच सामाजिक थरातले होते. त्यांच्या लेखी जे शिष्ट, ते छापले गेले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने, १८७४ पासून, या मराठीला तेज आणि आत्मविश्वास दिला, आणि तिला जणू पर्याय नाही असे वाटू लागले.

पर्याय त्याच पुण्यात होता. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला तो कुणबी, माळी, मजूर यांच्या तोंडच्या वळणाने. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना न्यायमूर्ती रानडे यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी मुद्दा उपस्थित केला होता तो प्रतिनिधित्वाचा : ज्यांच्या सुखदुःखाशी या ग्रंथकारांचा संबंध नाही, त्यांच्या वतीने ते बोलणार कसे? फुल्यांच्या लेखनातल्या ‘अशुद्धा’वर त्या काळी टीका झाली. आज बोलीच्या अभ्यासकाला ते लेखन एकोणिसाव्या शतकातल्या पुणे परिसराच्या बोलण्याचा अमोल पुरावा वाटते. प्रमाणभाषेच्या इतिहासात फुल्यांना परिघावर ठेवणारी मांडणी अपुरी आहे. ते त्या इतिहासाचे दुसरे केंद्र आहेत.

विसाव्या शतकात मोडी मागे पडली, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले, भाषाशुद्धीची चळवळ झाली. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. उच्चारात न उरलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले आणि लाखो मुलांचे लिहिणे सोपे केले, हे त्यांचे मोठे श्रेय. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवरची लाल खूण मात्र त्यांनी पुसली नाही. ते त्यांचे कामही नव्हते. ‘पानी’ म्हणणारे हिंदी भाषक शुद्ध बोलतात आणि ‘पानी’ म्हणणारा मराठी मुलगा अशुद्ध बोलतो, या निवाड्यात ध्वनीचा दोष कुठेच नाही. तो माणसांच्या दर्जाबद्दलचा निवाडा आहे आणि शाळेत तो रोज दिला जातो.

राजभाषा प्रत्यक्षात कशी असते ते पाहायचे तर एखादा सातबारा उतारा हातात घ्यावा. ‘भोगवटादार’, ‘पोटखराबा’, ‘जिरायत’, ‘बागायत’, ‘आकार’, ‘फेरफार’, ‘मौजे’, ‘तालुका’ असे शब्द एकाच कागदावर दिसतात. काही संस्कृतातून आलेले, काही फारसी-अरबीतून, काही थेट शेताच्या बांधावरचे. ते सगळे शेतकऱ्याला कळतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या जमिनीचा व्यवहार त्यांत झाला आहे. त्याच शेतकऱ्याला एखाद्या योजनेचे अलीकडचे परिपत्रक दिले तर ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. फरक शब्दाच्या कुळाचा नाही, वापराचा आहे. जो शब्द लोकांच्या हातून गेला तो रुळला. ‘जिल्हाधिकारी’, ‘महापौर’, ‘नगरसेवक’ हेही एकेकाळी कृत्रिम वाटलेलेच शब्द होते.

पोलीस ठाण्यातला जबाब हे दुसरे ठिकाण. तांड्यावरची बाई गोरमाटीत किंवा तोडक्या मराठीत सांगते, आणि कागदावर उतरते ते ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की’ या ठरीव वाक्याने सुरू होणारे प्रमाण मराठी. तो कागद पुढे न्यायालयात जातो, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले तर इंग्रजीत जातो. सांगणारीचे शब्द दोनदा बदललेले असतात. या बदलात काय गळते आणि काय नव्याने चिकटते, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत व्हायला हवा.

अभ्यासाच्या परंपरांचा आढावा घ्यायचा तर पुणे शहर पुन्हा मध्यभागी येते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. एकच ठरलेली कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घ्यायची, अशी त्याची पद्धत होती. महसूल खात्याच्या माणसांकडून नमुने आल्यामुळे त्यांत उणिवा राहिल्या, तरी शंभर वर्षांपूर्वीची इतकी विस्तृत नोंद दुसरी नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या भाषेचे व्याकरण लिहून ऐतिहासिक विचाराला चालना दिली. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या विकासावरचा ग्रंथ या ऐतिहासिक शाखेचा आधारस्तंभ, वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. या परंपरेला बोली हव्या होत्या त्या प्रामुख्याने प्राकृतापासूनची वाट शोधण्यासाठी.

१९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि भाषा आज, आत्ता कशी बोलली जाते याचे वर्णन करणारी दुसरी परंपरा इथे उभी राहिली. कत्रे, घाटगे, ना. गो. कालेलकर, अशोक केळकर ही त्यातली ठळक नावे. घाटगे यांनी कुडाळी, कासरगोडची मराठी, ठाण्याची वारली अशा एकेका बोलीचे ध्वनी, रूपे आणि संहिता स्वतंत्र पुस्तकांत नोंदल्या; साहित्य संस्कृती मंडळाने ती मालिका छापली. कालेलकरांनी हाच विचार सामान्य वाचकाला समजेल अशा नितळ मराठीत मांडला; विषयात नव्याने शिरणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी, असे इथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

१९७१ हे वर्ष या क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या एकाच ग्रंथात महाराष्ट्रावरचे दोन लेख आले. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीची घडण आर्य आणि द्राविड भाषकांच्या निकट संपर्कातून, जवळजवळ संकरभाषेसारखी, झाली असावी असा तर्क मांडला. तो सर्वमान्य झाला नाही, पण त्याने प्रश्न मात्र कायमचे जागे केले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात कन्नड, मराठी आणि उर्दू यांची वाक्यरचना एकमेकींना इतकी जुळत गेलेली दाखवली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले जपले, कारण घर आणि जात यांची ओळख शब्दांवर टिकून होती. जगभरच्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कुपवाडचे नाव आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातला सामाजिक फरक १९७३ च्या प्रबंधात तपासला आणि त्याच गावात मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. बोलीचा अभ्यास आणि शाळा यांची सांगड त्यांच्याइतकी कोणी घातली नाही. पुण्यातच काम केलेल्या लछमन खूबचंदानी यांनी जनगणनेच्या भाषाकप्प्यांवर मूलभूत आक्षेप घेतला : या देशातला माणूस प्रसंगाप्रमाणे बोलणे बदलतो, त्याला एका रकान्यात बसवता येत नाही.

अलीकडची दोन कामे वेगळ्या धर्तीची आहेत. लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली पुण्याच्या पद्मगंधा प्रकाशनाने काढला. त्यात पुष्कळ ठिकाणी बोलणाऱ्यांनी स्वतःच्या भाषेबद्दल लिहिले आहे. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून रूपांचे नकाशे तयार झाले. पहिल्यात आपलेपणा अधिक, दुसऱ्यात काटेकोरपणा अधिक, दोन्ही लागतात.

अभ्यासकांच्या बरोबरीने, कधी त्यांच्या पुढे जाऊन, साहित्यिकांनी बोलींना जागा मिळवून दिली. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये छापली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, उद्धव शेळके यांची ‘धग’, रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ यांनी माणदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा यांचे बोलणे कादंबरीत आणले. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ यांच्यानंतर आत्मकथनांची भाषा बदलली. रंगभूमीवर ‘वस्त्रहरण’ने मालवणीला मुंबई-पुण्याचा प्रेक्षक दिला. हा मान खराच आहे; पण अजूनही बोली कथेत आणि विनोदात चालते, अग्रलेखात आणि परिपत्रकात चालत नाही.

याहून वेगळे घडू शकते का, यासाठी बाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे कँडी पुण्यात पुस्तके तपासत होते त्याच सुमारास, ईवार ओसेन हा खेड्यातून आलेला अभ्यासक गावोगाव हिंडून बोली टिपत होता. त्या बोलींतल्या सामाईक रूपांवरून त्याने नवी लेखनभाषा बांधली, आणि १८८५ मध्ये तिथल्या संसदेने तिला राजधानीच्या लेखनभाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. आजही त्या देशात दोन्ही चालतात. तिथला तोडगा महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण एकाच शहराच्या शिष्टांनी ठरवल्याशिवाय प्रमाणभाषा होतच नाही, ही समजूत त्याने निकालात निघते.

हा विषय आज तातडीचा झाला आहे त्याला कारणे आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय आला, राज्यभर विरोध झाला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. मराठीच्या बाजूने झालेली ती एकजूट महत्त्वाची होती. त्या वादात सहा वर्षांच्या मुलावर अनोळखी भाषेचा भार टाकू नये, हा युक्तिवाद सर्वत्र मांडला गेला आणि तो बरोबरच आहे. तोच युक्तिवाद कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलत पहिलीत आलेल्या मुलालाही लागू होतो. त्याच्यासाठी अनोळखी भाषा मराठी असते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात असे अनुच्छेद ३५० क सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली, हे त्या अपेक्षेचे जिवंत रूप आहे. मराठीने हिंदीकडे जे मागितले ते गोंडीला द्यायला मराठीने कचरू नये.

दुसरे कारण शहरांचे. पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी बीड, नांदेड, नंदुरबार, यवतमाळहून येणारी हजारो मुले पेठांतल्या अभ्यासिकांत बसतात. काही महिन्यांत त्यांच्या बोलण्यातले ‘करायलो’ आणि ‘करून रायलो’ गळून पडते. काहींनी ते आपखुशीने टाकलेले असते, पुष्कळांनी हसण्याच्या भीतीने. तिसरे कारण यंत्रांचे. मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय प्रमाण उच्चाराला सरावलेली असते, आणि सरकारी सेवा जसजशा आवाजावर चालू लागतील तसतसा बोली बोलणाऱ्यांचा तोटा वाढेल, जर त्यांच्या बोलण्याचे मुद्रण आधीच गोळा झाले नाही तर. चौथे, १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून होणारी जनगणना. मातृभाषेच्या रकान्यात कोण काय सांगतो आणि नंतर ते कशाखाली घातले जाते, यावर पुढच्या कित्येक वर्षांची धोरणे उभी राहतील.

प्रस्तुत ग्रंथाने स्वतःपुढे मर्यादित काम ठेवले आहे. राजभाषेचा कायदा आणि परिभाषा, प्रमाण मराठीची घडण, मराठीच्या बोली, आणि महाराष्ट्रातल्या मराठीखेरीज इतर भाषा या चार विषयांचे अभ्यासक सहसा एकमेकांचे लेखन वाचत नाहीत. ते चारही एका जागी आणून त्यांच्यातले धागे दाखवावेत, हा उद्देश. कायद्यावर लिहिणाऱ्याला बोलीचा नकाशा समोर ठेवूनच लिहायला सांगितले आहे, आणि बोलीवर लिहिणाऱ्याला शाळा, दवाखाना, न्यायालय यांचा विचार टाळता येणार नाही असे पाहिले आहे. ग्रंथ प्रमाण मराठीच्या विरोधात नाही. चांदा ते बांदा एकमेकांना वाचता यावे यासाठी सामाईक लेखनभाषा लागतेच. ती सैल आणि ग्रहणशील असावी, एवढाच इथला आग्रह आहे.

नमुन्यांबद्दल थोडे. सर्व बोलींचे नमुने देवनागरीतच दिले आहेत. ‘चार’ मधला आणि ‘चमचा’ मधला च प्रचलित देवनागरीत एकसारखाच लिहिला जातो, म्हणून दंतमूलीय उच्चाराखाली टिंब दिले आहे. प्रत्येक नमुन्याखाली प्रमाण मराठीत अर्थ आहे, त्यात ‘सुधारणा’ केलेली नाही. भाषांची नावे बोलणारे लोक वापरतात तीच घेतली आहेत : लमाणी न म्हणता गोरमाटी. उर्दू-दखनी, गुजराती, सिंधी, तेलुगू, कन्नड या महाराष्ट्रात मोठ्या संख्येने बोलल्या जाणाऱ्या भाषांचा विचार त्यांचा मराठीशी संबंध येतो तेवढाच केला आहे. पिंपरीच्या सिंधी वसाहतीवर किंवा सोलापूरच्या तेलुगूवर स्वतंत्र पुस्तके व्हायला हवीत. सीमाभागातला वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे; बेळगाव-निपाणीकडच्या मराठीचे वर्णन इथे आहे, सीमेचा निवाडा नाही. तंजावर, बडोदे, इंदूर इथल्या आणि इस्राएलमधल्या बेने इस्राएलांच्या मराठीसाठी शेवटचा विभाग राखून ठेवला आहे.